भाऊबीजेचा जॉइनर

"मॅडम, नदीकडच्या खोलीतल्या ताईंचे भाऊ आलेत," गेटवरून आमच्या सिक्युरिटीच्या पवारांनी इंटरकॉमवर कळवलं, तेव्हा मी चेक-आउटच्या गर्दीत अडकले होते. दिवस भाऊबीजेचा. साठी उलटलेला माणूस, खांद्याला बॅग, हातात मिठाईचा बॉक्स. पवारांनी दुसरं काय समजायचं? त्यातून आमच्याकडे कुठल्याही अनोळखी पुरुषाला भाऊच म्हणतात.

शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या काठावरच्या एका रिसॉर्टमध्ये मी फ्रंट ऑफिस मॅनेजर आहे. म्हणजे चाव्या, बिलं आणि लोकांचे राग माझ्याकडे. नदीकडच्या खोलीतल्या नीलिमाताईंनी दिवाळीत एकटीसाठी बुकिंग केलं होतं. आमच्या भाषेत सिंगल ऑक्युपन्सी. खोलीत मागाहून कुणी राहायला आलं तर त्याला जॉइनर म्हणतात. जॉइनरने ओळखपत्र दाखवायचं, नाव नोंदवायचं, ज्यादा माणसाचा चार्ज भरायचा. संपलं. कायदा तर ओळखपत्र आणि नोंद एवढंच मागतो. आमचे शेठ मात्र कायद्याच्या पुढे. गेटवर 'फॅमिली रिसॉर्ट' अशी पाटी आहे आणि तिचा अर्थ ते स्वतः लावतात. एका खोलीत बाई आणि पुरुष असतील तर नवरा-बायको किंवा सख्खं नातं, नाहीतर रूम नाही. त्यासाठी रजिस्टरमध्ये नात्याचा वेगळा रकाना त्यांनी छापून घेतला होता.

आलेल्या पाहुण्यांचं, मोहनरावांचं, आधार कार्ड मी पाहिलं. आडनाव वेगळं, पत्ता डोंबिवलीचा. ताई ठाण्याच्या. त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं, लग्न झालेल्या बहिणीचं आडनाव वेगळंच असतं. पण तेवढ्यात ताई रिसेप्शनवर आल्या आणि त्यांना बघून मोहनराव हसले. भाऊ असा हसत नाही.

मी तोंड उघडणार, तर शेठ आणि त्यांच्या मिसेस आत आल्या. त्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो. संध्याकाळी लॉनवर गेस्टसाठी भाऊबीजेचा कार्यक्रम होता, तो वहिनींच्या हौसेचा.

"हे ताईंचे भाऊ का? पवार म्हणाला मला. या, या," म्हणत शेठनी मोहनरावांचा हात हातात घेतला.

मोहनराव म्हणाले, "हो."

ताईंचा चेहरा पडला. शेठ आणि वहिनी लॉनकडे गेले, तशी मी दोघांना माझ्या केबिनमध्ये घेतलं आणि म्हटलं, आता खरं काय ते सांगा, नोंद मला करायची आहे.

ताईंनीच सांगितलं. दोघांचेही जोडीदार गेलेले. कितीतरी वर्षं एकमेकांचं दुखणंखुपणं बघतायत. मोहनरावांच्या मुलाला हे पसंत नाही, म्हणून प्रत्येक सणाला मोहनराव मुलाकडे आणि ताई घरात एकट्या. यंदा घरात बसायचंच नाही म्हणून हे बुकिंग. आदल्या दिवशी मोहनरावांचा फोन आला होता, घरी सांगून उद्या तिकडे येतो म्हणून.

"घरी काय सांगून आलात?" ताईंनी विचारलं.

"मित्राकडे जातो म्हणून."

"आणि इथे भाऊ."

"अगं, रूम तर मिळतेय ना? मॅडमना कशाला अडचणीत टाकायचं?"

मला रागच आला. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायचं त्यांना काही कारण नव्हतं. अडचण होती, हे खरं. खोटं नातं लिहिलं आणि उद्या चौकशी झाली तर सही माझी. खरं लिहिलं तर शेठ या दोघांना बाहेर काढणार आणि मागोमाग मलाही. पण ते माझं मी बघून घेतलं असतं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "मुलाच्या लग्नात मला ओळखीच्या बाई म्हणालात. ते गिळलं मी. तुमची बहीण व्हायची नाही. नसेल जमत तर आत्ताच परत जा."

मोहनराव गेले नाहीत. मी रकाना मोकळा ठेवला आणि दोघांना संध्याकाळपर्यंत ठरवायला सांगितलं.

संध्याकाळी लॉनवर पाट मांडले, रांगोळ्या घातल्या. वहिनी माइकवरून एकेका भाऊ-बहिणीला बोलवत होत्या. नीलिमाताईंचं नाव आलं. त्या उठेनात. वहिनी स्वतः ताट घेऊन त्यांच्यापर्यंत गेल्या.

"काय ताई, भावावर रुसलात का?" शेठनी विचारलं आणि लोक हसले.

मोहनराव उठले आणि मुकाट्याने पाटावर जाऊन बसले. मला वाटलं, झालं, यांनी भाऊ व्हायचं ठरवलं. ताई ताट घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. ताट एका बाजूला कललं होतं, निरांजन काठाकडे सरकत होतं.

मोहनराव मान वर करून म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. मी यांचा भाऊ नाही. आमचा पाडवा काल राहून गेला, तो आज करू द्या."

पाडव्याला कोण कुणाला ओवाळतं, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. शेठ माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मी ओळखते, त्या नजरेनंतर माणसाचा हिशेब होतो. वहिनी मात्र पुढे झाल्या आणि त्यांनी ताईंच्या हातातलं ताट सरळ धरलं. "आधी अंगठी-सुपारीने ओवाळा," त्या म्हणाल्या, "निरांजन मग."

ताईंनी ओवाळलं. रडत होत्या, आणि ते लपवतही नव्हत्या. मोहनराव ओवाळणीसाठी खिसा चाचपायला लागले, तेव्हा ताई म्हणाल्या, "पैसे नकोत. मुलाला फोन करा."

ते नदीच्या बाजूला जाऊन बराच वेळ बोलत होते. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण येऊन ताईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले, सगळ्यांसमोर.

शेठ माझ्या काउंटरवर आले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुपारपासून."

"मग नात्याच्या रकान्यात काय लिहिलंत?"

"काही नाही. तुम्ही सांगाल ते लिहिते."

शेठनी लॉनकडे पाहिलं. वहिनी त्या दोघांना फराळाच्या बश्या देत होत्या. "राहू दे मोकळा," ते म्हणाले आणि निघून गेले. माझी नोकरी टिकली. पुढचं रजिस्टर छापून आलं त्यात तो रकानाच नव्हता.

नव्या स्टाफला मी आता एकच सांगते. ओळखपत्र आपण मागायचं, नातं मागायचं नाही. चेक-इन आपण चहा निवायच्या आत उरकतो. नातं तोंडाने सांगायला काही माणसांना निम्मं म्हातारपण लागतं.