थेंबसाहेबांचं माप

वजनमापे खात्यातल्या त्या निरीक्षकांना पंपवाले तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'थेंबसाहेब'. त्यांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चोवीस वर्षं डिझेलचे पंप तपासत हिंडणाऱ्या माणसाला याहून चांगली पदवी कोण देणार? पंपावर चहा घ्यायचा नाही, मालकाच्या केबिनमध्ये बसायचं नाही, कुणी खांद्यावर हात ठेवलाच तर तो हात खाली जाईपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघत राहायचं, असा त्यांचा खाक्या होता. नाकावर माशी बसू देत नसत.

तपासायची रीत तशी सोपी. पाच लिटरचं स्टीलचं माप, त्याला उंच मान, मानेवर काचेची पट्टी आणि पट्टीवर रेघा. आधी माप एकदा डिझेलने भरून रिकामं करायचं, कारण कोरड्या मापाच्या अंगाला थोडं तेल चिकटून राहतं आणि पंप बिचारा उगाच चोर ठरतो. तिरपं धरून तीस आकडे निथळू द्यायचं. मग पंपाचा काटा शून्यावर आणून बरोबर पाच लिटर सोडायचे आणि डोळा रेघेच्या उंचीवर नेऊन वाचायचं. थेंबसाहेब ते तीस आकडे मोठ्याने मोजत. एकोणतिसाव्याला कुणी मध्ये बोललं, की पुन्हा एकपासून सुरुवात. पंपावरची पोरंसुद्धा त्या वेळी श्वास रोखून उभी राहत.

तर एवढ्या काटेकोर माणसाच्या हातून घडलं ते असं. एकदा जीपने जोरात ब्रेक मारला आणि मागच्या बाजूची लाकडी पेटी उलटली. माप बाहेर येऊन उभ्या जॅकच्या टोकावर बुडाने आदळलं. साहेबांनी ते उचललं, चारही बाजूंनी तळहात फिरवला, मान पाहिली, काच पाहिली. कुठे पोचा नाही. मापाच्या बुडाला बोटभर उंचीची कड असते, तिच्या आत मात्र त्यांनी बोट घातलं नाही. माप पडलं तर आधी प्रयोगशाळेत पाठवायचं, हा नियम. नवीन निरीक्षकांना हा नियम थेंबसाहेबच शिकवायचे, आणि शिकवताना आवाज चढवायचे. पण त्या आठवड्यात सात पंप बाकी होते, आणि माप पाठवलं की ते पंधरा दिवस परत येत नाही. त्यांनी पेटी सरळ केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल."

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत अकरा पंप झाले, तिथे त्या वर्षाची फेरी संपली, आणि अकराच्या अकरा पंपांवर डिझेल जास्त निघालं. पाच लिटरला साठ मिलिलिटर जास्त. साहेबांनी मेकॅनिकला सांगून प्रत्येक पंप साठ मिलीने खाली आणवला, सील ठोकलं, सही केली. एकाही मालकाने हूं की चूं केलं नाही. कशाला करतील? 'तुम्ही गिऱ्हाइकाला जास्त देताय, कमी करा,' असं सरकारी माणूस स्वतः येऊन सांगतोय, म्हणजे घरबसल्या घबाडच! सगळे मूग गिळून बसले.

रात्री जेवताना साहेब खुशीत बायकोला म्हणाले, "पंपवाले सुधारले गं."

"सगळे एकदम?" बायकोने विचारलं.

"तुला यातलं काय कळतंय!" म्हणून त्यांनी भाताकडे मान वळवली. चोवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता इतका नेमका प्रश्न, आणि तो त्यांनी भाताबरोबर गिळून टाकला.

महिन्याभरात तक्रार आली. एक बाई लाँड्री चालवायच्या. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं काम वाफेवर, आणि वाफेचा बॉयलर डिझेलवर. रोज चाळीस लिटर डिझेल लागायचं. ते आणायचे त्यांच्याकडे कामाला असलेले काका, चौदा वर्षं. वीस लिटरचे दोन कॅन, हातगाडी, सकाळी आठला. बॉयलरच्या टाकीला काचेची नळी होती, त्यामुळे किती तेल पडलं ते लगेच दिसायचं. हल्ली रोज जवळजवळ अर्धा लिटर कमी पडत होतं. बाईंनी आधी नळी पुसली, मग चष्मा पुसला, मग सरळ खात्याकडे अर्ज केला.

साहेब आपलं माप घेऊन पंपावर गेले. बाई आल्या होत्या, काकाही हातगाडी धरून उभे होते. भरलं, ओतलं, तीस मोजले, पुन्हा भरलं. तेल बरोबर रेघेवर. अर्थातच! त्याच मापाने लावलेला पंप त्याच मापाने तपासल्यावर दुसरं काय निघणार? साहेबांनी तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा पंप धुतल्या तांदळासारखा निघाला.

"पंप बरोबर आहे, बाई," साहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले. "गळती असलीच तर ती पंप आणि तुमची लाँड्री यांच्यामध्ये शोधा."

पंप आणि लाँड्री यांच्यामध्ये एकच गोष्ट होती, ती म्हणजे काका. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पंपावरची पोरंही पाहायला लागली.

"मी रस्त्यात कुठे थांबतसुद्धा नाही, बाई," काका म्हणाले.

"साहेब खोटं बोलतात का मग?" बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चौदा वर्षांच्या माणसाला हे विचारताना त्यांनाही जड जात होतं, पण अर्धा लिटर रोज जात होता आणि साहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काकांचं काम सुटलं आणि दुसऱ्या दिवसापासून कॅन आणायला दुसरा माणूस आला. तेल तेवढंच कमी पडत राहिलं, तेव्हा बाई म्हणाल्या की सगळी माणसं सारखीच.

आणखी दोन महिन्यांनी मापाची वार्षिक तपासणी आली. प्रयोगशाळेतल्या मुलीने त्यात मुख्य मापातलं पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, मग माप उपडं करून कडेच्या आत टॉर्च धरला.

"सर, बूड आत गेलंय. साठ मिली कमी बसतंय यात. बरोबर पंपही यात जास्तच दाखवणार."

थेंबसाहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी बोट घालून पाहिलं. वाटीएवढा पोचा, अगदी गुळगुळीत. जीप, जॅक, अकरा पंप, सगळं एका ओळीत डोळ्यांपुढून गेलं आणि ओळीच्या शेवटी हातगाडी धरून उभा असलेला तो माणूस दिसला. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

वरिष्ठ समजूतदार होते. म्हणाले, "नवं माप घ्या, अकराही पंप पुन्हा लावून टाका. फेरतपासणी एवढंच लिहा. कारण लिहायची काय गरज आहे? चोवीस वर्षांच्या सह्यांवर लोक संशय घेतील, साहेब."

ते खरंच होतं. एक माप चुकलं म्हटल्यावर आधीची सगळी मापं लोकांच्या तोंडी येणार, आणि चहाला नाही म्हटलेले सगळे मालक आता हिशेब चुकता करणार. साहेब दोन दिवस जुन्या सह्यांचे कागद चाळत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी अकरा पंप नव्या मापाने लावले आणि अकराही कागदांवर कारण लिहिलं: निरीक्षकाच्या मापात दोष, माप पडल्यावर तपासून घेतलं नाही. खाली सही, रोजच्यासारखीच, पूर्ण नावाची.

मग ते लाँड्रीत गेले. बाईंनी ऐकून घेतलं, हातातली चादर खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मी त्यांना चोर म्हटलं नाही कधी."

"मीही नाही म्हटलं," साहेब म्हणाले. "दोघांनीही शब्द वापरला नाही, एवढंच."

बाईंनी चादर पुन्हा उचलून तिची घडी घातली. मग म्हणाल्या, "उद्यापासून या म्हणावं. मी स्वतः येईन माफी मागायला, पण आधी तुम्ही जा."

काकांचं घर दोन खोल्यांचं होतं. ते दाराशी बसून कुणाचा तरी पंखा दुरुस्त करत होते. या दोन महिन्यांत त्यांना नवं काम मिळालं नव्हतं. का सोडलं, असं जिथे तिथे विचारत, आणि उत्तर त्यांच्याआधी पोचलेलं असे. साहेबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. पडलेलं माप, न घातलेलं बोट, पंपावर बोललेलं वाक्य. काकांनी स्क्रू घट्ट करणं थांबवलं नाही.

"चूक माझी होती," साहेब म्हणाले. "तुमच्या कॅनमध्ये एक थेंबही कमी नव्हता. पंपच कमी देत होता, माझ्यामुळे."

"मला कशाला सांगताय?" काका म्हणाले. "मला माहीतच होतं. आत सांगा."

आत काकांची बायको भांडी लावत होती. थेंबसाहेब त्या छोट्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. पदराला हात पुसत तिने शेवटपर्यंत ऐकलं. साहेबांच्या खांद्यावरून तिने दाराकडे पाहिलं. काका तिथे येऊन उभे होते.

"मी एकदाच विचारलं होतं हो," ती म्हणाली. "तुम्ही घेतलंत का म्हणून. परत नाही विचारलं."

"हो," काका म्हणाले. "एकदाच. पण विचारलंस."