वर्सोव्याच्या वर्गात सुमनने मला वाचवलं

मैत्रिणींनो, इंग्रजी व्याकरणाचं जुनं पुस्तक आज घरपोच आलं, साठ रुपयांत. तरी दुपारी महिलांच्या वर्गात 'डाउट'पुढे 'दॅट' कधी आणि 'व्हेदर' कधी, ते मला कळेचना. बाई दोनदा समजावून पुढे गेल्या. मी दहावी पास, लाजेने गप्प बसले. उद्यापासून वर्गाला यायचंच नाही, असं मनात पक्कं केलं.

शेजारी आमची मासळीवाली सुमन बसली होती. म्हणाली, "माज्या पापलेटावर शंका घेताना तोंड बंद नसतं गं तुजं!" आणि माझाच हात धरून वर केला. "बाई, आमाला दोघींना नाय कललं!"

बाईंनी न रागावता तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी समजलं. सुमनला माझ्या शेजारी देवानेच बसवलं, असं मी मानते. वर्ग आता सोडत नाही.

तुमचा हात कधी कुणी असा वर केलाय का? उलटटपाली कळवा.