खिडकीतला वली

दुबईत अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये मोहिद्दीन परकार सतरा वर्षं काउबॉय रंगवत होता. धूळ, लाल डोंगर, उधळलेला घोडा. अमेरिकन जेवणाच्या हॉटेलांना अशी चित्रं डझनाने लागत. अमेरिका त्याने पाहिली नव्हती, आणि घोडा जवळून पाहिला तो दाभोळच्या वरातीतला. चित्र वाळलं की फोरमन सुजीत बारीक ब्रशने कोपऱ्यात एका गोऱ्या माणसाची सही ठोकायचा. असा माणूस जगात कुठेच नव्हता, पण त्याचं नाव शहरभर भिंतींवर होतं.

"परकारचं नाव वाचून कोणाला भूक लागणार, हबीबी?" सुजीत म्हणायचा. मोहिद्दीन हसून सोडून द्यायचा. ते त्याच्या मनातून मात्र सुटायचं नाही.

टोपीखालचे चेहरे तो कंपनीच्या बसमधून उचलायचा. जबल अलीच्या लेबर कॅम्पमधून सकाळी बस निघाली की तीस माणसं माना टाकून झोपत. समोरच्या सीटवर वली. तोही दाभोळचाच, वर्कशॉपमध्ये लाकडी चौकटींवर कॅनव्हास ताणायचं काम करायचा. काचेला गाल टेकून, तोंड उघडं टाकून झोपायचा. त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग त्या काचेवर कायमचा होता.

दोन वर्षांपूर्वी जुलैत बस पोचली, सगळे उतरले, वली उतरला नाही.

"यल्ला, चला नवाबसाहेब, पालखी आणू का?" मोहिद्दीन खालून ओरडला होता. मग वर चढून त्याने वलीच्या खांद्याला हात लावला.

वलीची मय्यत विमानाने गावी गेली. वलीने ताणून ठेवलेला शेवटचा मोठा कॅनव्हास भिंतीशी उभा होता, तो मोहिद्दीनने सुजीतकडून मागून घेतला. दर रविवारी सुट्टीच्या दिवशी येऊन तो त्यावर बस रंगवू लागला. काउबॉयसारखी गुळगुळीत नाही. सुरीने, रंगाचे ढेकळासारखे थर चढवत. झोपलेली तीस माणसं, आणि खिडकीत वली. दीड वर्ष गेलं. गावी नबिलाला, त्याच्या बायकोला, तो फोनवर थोडं थोडं दाखवायचा. वलीचा चेहरा पूर्ण झाला तेव्हा ती म्हणाली, हुबेहूब.

पलीकडच्या गल्लीतल्या एका गॅलरीचं काम अनुपमा बघायची. पुण्याची. फ्रेम बघायला आली आणि काउबॉयसमोर थबकली.

"हे अमेरिकेतले वाटतच नाहीत," ती म्हणाली. "हे तर इथले बसमधले लोक आहेत."

सतरा वर्षांत ही चोरी पहिल्यांदाच पकडली गेली. मोहिद्दीनने मागचं कापड बाजूला करून तिला बस दाखवली.

"मोहिद्दीनभाई, हे मी ग्रुप शोमध्ये लावते. तुमच्या नावाने."

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली.

"सगळ्यांना आवडलंय. फक्त एक छोटा इश्यू आहे. खिडकीतला तो माणूस... मेल्यासारखा दिसतो हो."

"मेलेलाच आहे, मॅडम."

अनुपमाने नजर खाली घेतली. "मला कळतंय. पण वरून नाही म्हणतायत. त्याच्या जागी खिडकीत उजेड दाखवा ना, सकाळचा. बाकी काही बदलू नका. नाहीतर हे लागणारच नाही. माझ्या हातात नाहीये."

त्याने एक दिवस मागून घेतला.

गावात साइनबोर्ड रंगवायचा तेव्हापासून त्याला ठाऊक होतं, वरचा रंग पातळ असला की काही वर्षांनी तो विरत जातो आणि खालचं वर येतं. दाभोळच्या धक्क्यावर औषधाच्या दुकानाच्या पाटीतून जुन्या सलूनची अक्षरं अशीच डोकावायची. इथेही पातळच लावावा. दहा वर्षांनी का होईना, वली खिडकीत येऊन बसेल. असं ठरवूनच त्याने रंग कालवला.

पण हाताला सतरा वर्षांची सवय होती. पहिल्या पातळ थराखालून वलीची हनुवटी दिसत राहिली, काम कच्चं वाटू लागलं. असं कच्चं काम आपल्या नावाने भिंतीवर? त्याने आणखी रंग घेतला. मग आणखी. संध्याकाळपर्यंत खिडकीत दाट पिवळा उजेड होता. शंभर वर्षांतसुद्धा तो विरणार नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून चित्राशेजारी उभा राहिला. शेजारी पांढऱ्या पाटीवर त्याचं नाव. लोक येत, खिडकीतल्या उजेडाचं कौतुक करत. एक बाई म्हणाली, किती होपफुल आहे. अनुपमाने लांबूनच मान हलवली.

तेवढ्यात नबिलाचा व्हिडिओ कॉल आला.

"ओवेसचे अब्बा, दाखवा ना. यम्नाभाभीला मुद्दाम बोलावून घेतलंय. चांगला शर्ट घातलात हो."

नबिलाच्या खांद्यामागून वलीची बायको पुढे सरकली. घाईत बांधलेल्या ओढणीतून पांढरे केस बाहेर आले होते. तिने पडद्याजवळ तोंड आणलं.

"भावजी, नबिला म्हणते हुबेहूब काढलंय त्यांना. झोपलेले. माझ्याकडे त्यांचा पासपोर्टचा तेवढा फोटो आहे."

मोहिद्दीनने फोन वर धरला. हात चित्राच्या दिशेने अर्धा गेला आणि थांबला.

"आधी हे बघा, भाभी," तो म्हणाला, आणि फोन नावाच्या पाटीवर धरला.

"वाचलं," यम्ना म्हणाली. "तुमचं नाव आहे. आता ते दाखवा."

त्याने फोन पाटीवरून हलवला नाही.