चकती खिशात असताना गाडी चालल्याबाबत

अर्जदार : मी, शिक्षण सातवी, धंदा अर्जनविशी, बैठक कारंजा तहसिलीसमोरील लिंबाखाली. अन्यायग्रस्त : माझे साडू, रेल्वेचे निवृत्त पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे व झेंडी दाखवणारे), मुक्काम कामरगाव. गैरअर्जदार : गावचे सरपंच व उपसरपंच. घटना : मागील हिवाळ्यातील शाळेचे संमेलन. साक्षीदार : अख्खे गाव आणि माझी पत्नी. पत्नी माझ्याविरुद्धही साक्ष देते, सबब विश्वासार्ह आहे. नावे दिलेली नाहीत, कारण यांच्याच लग्नांत आम्हाला जेवायचे आहे.

साडूभाऊंची हयात वाशीमकडच्या लाइनीवर गेली. निवृत्त होऊन आल्यापासून चहाच्या टपरीवर त्यांना एकच प्रश्न विचारला जाई : "काहो, तुमी झेंडी दाखवली नसती तं गाडी काय वापस घरी गेली असती?" साडूभाऊ अर्धा चहा टाकून उठत. माणसाने परवानगी दिल्याखेरीज गाडी हलत नाही, एवढेच त्यांना गावाला दाखवायचे होते.

त्यासाठी त्यांनी लांब फळीवर पत्र्याचे रूळ ठोकले. एका टोकाला कामरगाव स्टेशन, दुसऱ्या टोकाला आसेगाव. या दोन गावांमध्ये प्रत्यक्षात रेल्वे नाही, त्यामुळे कोणाची हरकत येण्याचा संभव नव्हता. दोन्हीकडे टॉर्चच्या सेलवर चालणारे एकेक इंजिन, आणि मध्ये सिग्नलच्या लाल रंगाने रंगवलेली पेटी. पेटीला दोन खाचा, प्रत्येक इंजिनाची एक. खाचेत पितळेची चकती टाकली की वीज जोडली जाई आणि ते इंजिन निघे. चकती मात्र एकच, रुपयाएवढी. लाइन एकेरी, म्हणून परवानगीही एकाच गाडीला.

ही योजना मला तत्काळ पटली. माझ्या धंद्यात मंजूर, नामंजूर आणि विचाराधीन असे तीन प्रकार असतात, आणि लोकांची उमर तिसऱ्यात जाते. या पेटीत तिसरा प्रकारच नव्हता. मी आनंदाने तिच्यावर चिकटवायला सूचना लिहून दिली : "सदर खाचांमध्ये अधिकृत चकतीव्यतिरिक्त कोणतीही वस्तू, मग ती कितीही सद्भावनेने का असेना, टाकण्यात येऊ नये."

पत्नी म्हणाली, "खेळण्यातल्या गाडीले अर्ज कायले लिहून राह्यले?"

मी म्हणालो, "हा अर्ज नोहे, नियम हाये."

"मंग तं कोणीच वाचत नाही."

संमेलनाच्या दिवशी साडूभाऊ जुना खाकी कोट घालून, हातात झेंडी घेऊन उभे राहिले. यंत्र म्हटल्यावर पूजा आलीच. पेटीला हळदकुंकू लागले, आणि हार नेमका माझ्या सूचनेवर पडला. आता ती लाल पेटी, तिच्यावर कुंकू, आणि वर खाच! सरपंचांनी हात जोडले, खिशातून रुपया काढला आणि श्रद्धेने कामरगावच्या खाचेत टाकला. उपसरपंच मागे राहिले तर ते उपसरपंच कसले? त्यांनी आसेगावच्या खाचेत टाकला.

दोन्ही गाड्या निघाल्या.

साडूभाऊ ओरडले, "थांबा! चकती माह्या खिशात हाये!" आणि त्यांनी ती काढून सर्वांना दाखवली. गाड्यांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही. फळीच्या मधोमध त्यांची टक्कर झाली, आणि आसेगावचे इंजिन पूजेला बसलेल्या सरपंचांच्या मांडीवर जाऊन विसावले.

मागून कोणी तरी म्हणाले, "पाहा साहेब, तुमच्याबिगर चालली ना!"

हशा इतका झाला की मुख्याध्यापकांना घंटा वाजवावी लागली. साडूभाऊंनी झेंडी गुंडाळली आणि फळी एका जुन्या धोतरात बांधून घरी नेली. तेव्हापासून ते टपरीवर येत नाहीत. मी समजावायला गेलो, "साडभाऊ, परवानगीशिवाय नाही चालली. दोन चुकीच्या परवानग्या मिळाल्या म्हणून चालली. तुमचंच म्हणणं खरं ठरलं." ते म्हणाले, "हे तुले समजलं, मले समजलं. गावाले कोण सांगते?"

सबब नम्र विनंती की, उभय गैरअर्जदारांनी येत्या संमेलनात, गाड्या नाण्यांनी चालल्या, असे उभे राहून सांगावे. साडूभाऊंना फळी पुन्हा मांडू द्यावी. पूजा अवश्य करावी, परंतु दक्षिणेचे ताट वेगळे ठेवून पेटीपासून हातभर दूर असावे. आणि पहिली गाडी साडूभाऊ चकती टाकतील तेव्हाच निघेल, तोवर सरपंचांसह सर्वांनी हात खिशाबाहेर ठेवावेत. उत्तर मंजूर किंवा नामंजूर असे द्यावे. विचाराधीन चालणार नाही.