बसय्या स्वामींचा शंख

बसय्या स्वामींना शिंक आली की ते तोंड वासून, दोन्ही हात पसरून शिंकायचे. सास्तूरची माणसं हसायची. ती शिंक मीच त्यांना शिकवली होती. निजामाच्या अमलात मी तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो.

स्वामी गावचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. पूजेला आणि मयताला शंख त्यांचाच. हैदराबादेत त्यांच्या डोळ्यामागची गाठ काढताना कवटीच्या तळाचं हाड कापावं लागलं होतं. सोबतच्या उर्दू कागदावर होतं, नाक शिंकरायचं नाही, शिंक दाबायची नाही, ओझं उचलायचं नाही. शंखाचं त्यात नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. स्वामींनी चूल फुंकणंसुद्धा सोडलं, पण सोमवारी शंख वाजवला. मागाहून मला म्हणाले, "पूजेचा आन् दुखण्याचा काय संबंध, डॉक्टरसाब?"

दोन दिवसांनी दवाखान्यात आले. "डोस्क्यात घागर हिंदकळतीय." त्यांनी मान हलवली, तसा मलाही आवाज ऐकू आला. शंखाच्या जोरानं नाकातली हवा हाडाच्या फटीतून कवटीत शिरली होती. हे मी पुस्तकात फक्त एका ओळीत वाचलेलं. तीन आठवडे त्यांना उताणं निजवलं. त्यांची बायको गुरव्वा उशाशी बसून राहिली, कूस म्हणून बदलू दिली नाही. हवा जिरली. मी बजावलं, "आता शंख ओठाला लावलात, तर वाचणार नाही."

मग गुरव्वाच वाजवू लागली. फार वाईट वाजवायची. स्वामी हात जोडून समोर उभे. "गाल फुगव गं, लाजतीस कशाला?" मला ती दोघं मनापासून आवडायची.

निजामाची राजवट गेली त्याच वर्षी गुरव्वा तापानं गेली. शंखाशिवाय माती देता येत नव्हती. मी म्हणालो, "लोहाऱ्याच्या स्वामींना बोलावू." "बोलवा की," ते म्हणाले. माणूस धाडला. तो परतायच्या आत बसय्या स्वामींनी खड्ड्याशी उभं राहून स्वतःच शंख वाजवला, लांबलचक, एका दमात.

तिसऱ्या दिवशी त्यांना ग्लानी आली. मी चिडून म्हणालो, "थोडं थांबायचं होतं. लोहाऱ्याचे स्वामी निघाले होते."

डोळे न उघडताच ते म्हणाले, "पयल्या खेपेला मला ठावं न्हवतं, डॉक्टरसाब. ह्या खेपेला व्हतं."

त्यांच्या मातीला शंख लोहाऱ्याच्या स्वामींनी वाजवला. मला बसय्या स्वामींचा राग आला होता. अजूनही येतो.