कोब्यावर टाइल बसणार नाही

आमच्या पालेगावच्या घराच्या गॅरेजात कोबा आहे. सिमेंटचा, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. तो माझ्या बाबांनी घातला. बाबा जन्मभर गवंडी. लोकांच्या बंगल्यांत कोबे घोटले आणि स्वतः विठ्ठलवाडीच्या चाळीत राहिले. आम्ही घर बांधलं तेव्हा सगळीकडे टाइल्स ठरल्या. बाबा एवढंच म्हणाले, "गाडीच्या जागेत तरी माझं काम असू दे." पुढे त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि हा कोबा त्यांचं शेवटचं काम ठरला. त्यात ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसायची.

त्याची वाट लावली मी.

पाडव्याच्या साफसफाईत स्कूटरच्या ऑइलचा डाग निघेना, म्हणून बाथरूममधली अ‍ॅसिडची बाटली आणून ओतली. फेस आला तशी मी खूश, मळ निघतोय म्हणून. मग उत्साहाने सगळीकडेच फिरवलं. मळ कसला, सिमेंटच निघत होतं! वाळल्यावर जमीन राख फासल्यासारखी पांढरी आणि खरखरीत. गवंड्याची मुलगी मी, आणि मला हे कळू नये? स्वतःचाच इतका राग आला की त्या दिवशी जेवले नाही.

नवऱ्याला मात्र निमित्तच हवं होतं. चार दिवसांत टाइल्सचे खोके पडवीत येऊन पडले. "सोमवारी कारागीर येतोय," तो म्हणाला.

"येऊ दे. चहा पिऊन परत जाईल."

"येडी झालीस काय गो? गॅरेज आहे ते, देव्हारा नाय."

मी वाद घातला नाही. टाइल्स जिथून आल्या, त्या उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या दुकानात गेले. दुकानातल्या सिंधी काकांनी माझं ऐकून कपाळाला हात लावला. "भाभी, कोबे में कौन दिमाग लगाता है? टाइल डालो, टेन्शन खतम." म्हटलं, टेन्शन माझं आहे, तुम्ही पॉलिशचं सामान काढा. घासायचे पॅड, कोबा घट्ट करणारं केमिकल आणि भाड्याने हातमशीन घेऊन मी रिक्षात बसले.

आधी सोड्याच्या पाण्याने जमीन धुतली, अ‍ॅसिडचा अंश जावा म्हणून. ऑइलच्या डागावर कोरडं सिमेंट पसरून ठेवलं, ते बरंचसं तेल प्यायलं. मग जाड पॅड, पाणी, राखाडी चिखल, तो पुसायचा, पुन्हा पॅड. कंबर बोलायला लागली. शेजारणी येऊन बघून जायच्या आणि पुढे जाऊन हसायच्या. हसा म्हटलं. केमिकल मुरवलं, बारीक पॅड लावले, तरी दोन दिवस चमक काही येईना. तिसऱ्या दिवशी जमिनीत ट्यूबलाइट दिसली, तुटक तुटक. शनिवारी ती रेघ सरळ झाली. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसून रडले, आणि नवऱ्याला ते दिसू दिलं नाही.

रविवारी बाबा आले. चपला बाहेर काढून अनवाणी फिरले. कोपऱ्यातल्या सामानाच्या फळीखाली, जिथे मशीन पोचलं नव्हतं, तिथे पाय थांबला.

"अ‍ॅसिड पडलंय इथं."

"मीच ओतलं, बाबा."

"दुसऱ्यांच्या बायांना बजावायचो मी, कोब्याला अ‍ॅसिड लावू नका. तुलाच सांगायचं राहिलं." मग पडवीतल्या खोक्यांकडे पाहून म्हणाले, "बसव टाइल्स. माझं काम झालं जुनं."

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांवर ओरडले. "नाही बसवणार! दुसऱ्यांची घरं चमकवलीत, कुणाला तुमची आठवण नाही. इथे तरी राहील तुमचं काम. ज्याला टाइल हवी त्याने दुसरं घर बघावं!" नवरा दारातच उभा होता.

मी एक खोका फळीपाशी ओढून आणला, बाबा त्यावर टेकले. "मशीन नको. पॅड दे हातात." वाकून त्यांनी फळीखालची जागा घासायला घेतली. पॅड हातात घेताना बोटं लटपटत होती. जमिनीवर दाब दिल्यावर थांबली.

सोमवारी कारागीर चहा पिऊन परत गेला. काका टाइल्स परत घ्यायला तयार आहेत, नवरा रोज आठवण करून देतो. मी देत नाही. दर रविवारी बाबा घासायला येतात, त्यांना बसायला ते खोके लागतात.