आबांसमोर उचललेलं पोर

माझ्या मुलाला मी पहिल्यांदा कडेवर घेतलं, तेव्हा तो माझा मुलगा नव्हता.

आज माझा मुलगा माझ्यासमोर बसून लेकीचं ढुंगण धुतो आणि वर मलाच म्हणतो, "दादा, ते फडकं द्या जरा." मी देतो. निजामाच्या राज्यात आमच्या बदनापूरकडच्या घरात असं कुणी केलं असतं, तर आबांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) त्याला गोठ्यात झोपवलं असतं. वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं पोर उचलायचं नाही, त्याच्याकडे बघून हसायचंही नाही. लग्न त्यांनीच लावून दिलेलं, पण पोर झालं की आमचा त्याच्याशी काही संबंध नाही असा चेहरा करायचा! भावाचं पोर घ्यायचीही सोय नव्हती. "आज त्याचं घेतो, उद्या स्वतःचं घेईल," ही आबांना धास्ती.

मी जालन्यात कापसाच्या जिनिंगवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी. त्यामुळे दीड वर्षाच्या माझ्या मुलाला, सख्याला, मी पाहिलं ते आईच्या खांद्यावर, पाठमोरं. थोरल्या भावाचा बाळू त्याच्याच वयाचा. दोघांचं जावळ एकाच दिवशी काढलेलं आणि दोघांच्या अंगात एकाच ताग्यातली आंगडी.

बायको दुसऱ्या बाळंतपणाला परतूरला माहेरी गेलेली. दोन महिने सख्या तिच्या नजरेला पडला नव्हता. एका सकाळी आबा म्हणाले, "पोराला परतूरला नेऊन घाल. त्याची माय झुरून राह्यली. जल्दी कर, गाडी चुकंल."

आई आणि वहिनी विहिरीवर धुणं धुवायला गेलेल्या. ओसरीवर गोधडीवर दोन पोरं झोपलेली, दोन गुळगुळीत डोकी. आपलं कोणतं, हे बापाला कोणत्या तोंडानं विचारणार? आणि मी पोर उचलताना दिसू नये म्हणून आबांनी मोठ्या सभ्यपणानं तोंड भिंतीकडे फिरवलेलं. मला जरा गोरं वाटलं ते मी उचललं.

गाडीत पोर गुणानं बसलं. मी त्याला पोटभर पाहून घेतलं, गालगुच्चे घेतले, शेंगदाणे चावून भरवले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. डोळे भरून आले, खरं सांगतो.

परतूरला सासऱ्यांनी दारातच पोर घेतलं. "नाक बराबर जावयाचं," ते म्हणाले. मी लाजलो.

बायको आतून धावत आली, पोर हातात घेतलं आणि थबकली. वडिलांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून ती आईकडे वळली. "आई, ह्यांना विचार, माझं लेकरू कुठं हाय?"

"हे काय, तुझ्या हातात," सासूबाई म्हणाल्या.

"हा जाऊबाईंचा बाळू हाय."

सासरे पोराच्या नाकाकडे आणि मग माझ्या नाकाकडे पाहू लागले. मी खांबाला सांगितलं, "झोपेनं तोंड सुजलं असंल."

बायको मटकन खाली बसली आणि रडायला लागली. दोन महिने वाट पाहून तिच्या पदरात जावेचं पोर पडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या गाडीनं मी बाळूला घेऊन निघालो.

घरी वहिनींनी आकाश डोक्यावर घेतलेलं. विहिरीवरून आल्यावर त्यांनी भावाला विचारलं होतं, "आपला बाळू कुठं गेला?" भावानं माझ्या सख्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "हा काय झोपल्याला."

आबा मात्र शांत होते. "म्या तर तिकडं पाह्यलंच न्हाई," ते अभिमानानं म्हणाले. घराण्याची अब्रू शाबूत होती, फक्त पोरं इकडची तिकडं झाली होती!

दुसऱ्या दिवशी सख्याला घेऊन मी पुन्हा परतूरला गेलो. ह्या वेळी बायकोनं रीतभात गुंडाळून ठेवली. पोराला छातीशी धरून, आईबापासमोर, ती थेट मला म्हणाली, "ह्या बारीला बराबर आणलं. कसं वळखलं?"

मी मागे बोट दाखवलं. बाळूला कडेवर घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या. ओळख पटवायला मी त्यांना तिकीट काढून सोबत आणलं होतं.